संगणक बंद पडला म्हणजे

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कला शाखेचा पदवीधर. संगणकशास्त्र शिकलेलो नाही. तरी या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण ठेच मला लागली आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित मोफत आधार कंपनीने थांबविला आणि जिकडेतिकडे विंडोज ११ टाकण्याची घाई उडाली. या नव्या प्रणालीस साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर व टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. आमच्या कार्यालयातील यंत्रात दोन्ही नव्हते. कारागिराने अट चुकवून प्रणाली बसविली. तिसऱ्या दिवशी एका मुलीची टी.सी. छापत असता पडदा बदलला, यंत्र आपोआप बंद होऊन सुरू झाले, पुन्हा बंद पडले. कारागीर म्हणाला, "सर, फॉरमॅट मारावं लागेल." मी मान डोलावली.

दाखलखारीज रजिस्टरवरून उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून टाईप केलेली सारी यादी गेली. प्रत ठेवली होती. पण त्याच यंत्राच्या डी ड्राइव्हमध्ये! मूळ रजिस्टर कपाटात शाबूत होते म्हणून मुलांच्या जन्मतारखा वाचल्या. आणि दुःखाची गोष्ट अशी की फॉरमॅटनंतरही यंत्र पडतच राहिले. दोष मेमरीच्या पट्टीत होता. नवी प्रणाली मेमरी अधिक वापरते, त्यामुळे जुन्यात झाकला गेलेला दोष उघडा पडला होता.

१९ जुलै २०२४ ची घटना आपणांस आठवत असेल. ती विंडोजच्या नव्या आवृत्तीची नव्हे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-प्रणालीच्या सदोष अद्ययावतीकरणाची होती. जगभर सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली, आपल्याकडेही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यावर उपाय काय होता? यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून एक सदोष फाईल काढून टाकणे. फॉरमॅट नव्हे.

तेव्हा यंत्र पडले की प्रथम पडद्यावरील अक्षरे मोबाईलने टिपून घ्या. पडदा पूर्वी निळा असे, विंडोज ११ च्या अलीकडील आवृत्त्यांत काळा दिसतो. पण खाली लिहिलेला सांकेतिक शब्दच रोगाचे नाव सांगतो. मग प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राइव्ह असे सगळे काढून पहा. यंत्र सुरूच होत नसेल तर दोन-तीनदा अर्धवट सुरू झाल्यावर दुरुस्तीचा पडदा बहुधा आपोआप येतो; तेथून सेफ मोड गाठता येतो. (बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवा.) सेफ मोडमध्ये यंत्र नीट चालले तर संशय बहुधा एखाद्या ड्रायव्हरवर घ्यावा, म्हणजे प्रिंटर अथवा पडद्याचा भाग प्रणालीशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर. तो जुन्या आवृत्तीवर परत नेता येतो. जुन्या प्रणालीवरच नवी चढविली असेल, तर साधारणपणे १० दिवसांपर्यंत मागे जाण्याची वाटही खुली असते. मात्र 'जागा मोकळी करतो' म्हणून कुणी विंडोज.ओल्ड हे फोल्डर पुसून टाकले तर ती वाट बंद झाली. सेफ मोडमध्येही पडत असेल तर मेमरी तपासा; त्याची सोय विंडोजमध्येच आहे, वेगळा पैसा लागत नाही.

आपल्या वर्ध्याच्या मे महिन्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पत्र्याच्या खोलीत, आत धुळीचा थर साचलेला पंखा असलेले यंत्र दुपारी पडते आणि सकाळी ठीक चालते. तेथे प्रणालीला बोल लावण्याआधी डबा उघडून धूळ काढावी.

ती यादी मी पुन्हा टाईप करीत आहे. इयत्ता सातवीपर्यंत आलो आहे. या खेपेस एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवतो. ती डिस्क मुख्याध्यापकांच्या कपाटात असते, संगणकाच्या खोलीत नाही.