नदीकाठची काचेची भिंत
(महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



नदीकाठच्या सार्वजनिक फिरण्याच्या वाटेवर बोटाच्या स्पर्शाने उजळणारी काचेची भिंत उभारावी, ही कल्पना आज आम्ही आपणांपुढे मांडीत आहोत. प्रथमदर्शनी ती चैन वाटेल. परंतु तिचे शास्त्र आपल्या खिशातील मोबाईलचेच आहे. काचेमागे विद्युत्‌वाहक पारदर्शक थर असतो. बोट जवळ येताच त्यावरील विद्युत्‌भारात फरक पडतो व दिवा लागतो. पावसाचे थेंबही या थरास फसवितात. म्हणून वर छप्पर हवे.

काच नाजूक खरी. पण सुमारे ६२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड केलेली काच साध्या काचेहून चौपट बळकट होते. अशा दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर घातला, म्हणजे फुटली तरी तुकडे पायी येत नाहीत.

आता पुराचा विचार. निपाणीजवळून वाहणारी वेदगंगा दूधगंगेला व ती कृष्णेला मिळते. २०१९ च्या ऑगस्टात या नद्यांनी काय केले, ते आपण जाणताच. म्हणून तावदाने खाचांत बसवावीत. पुराची वर्दी येताच ती काढून घ्यावीत, म्हणजे खांबांमधून प्रवाहास वाट राहील. विजेची पेटी मात्र पूररेषेच्या वरच असावी.

या भिंतीवर लिहावे काय? पाटीवर कोणती भाषा आधी, यावरून आपल्या सीमाभागात मने किती दुखावतात! आमचे म्हणणे, अक्षर नकोच. मुलाने खुणेवर बोट ठेवावे आणि पाणी जेथवर चढले होते तेथवर निळा प्रकाश चढावा. मराठी, कन्नड, उर्दू, कोणत्याही शाळेतील मुलास तो सारखाच कळेल. आणि त्याविषयी ते आपापल्या भाषेत घरी सांगेल. भाषा पुसावी असे आम्ही म्हणत नाही. पुराचा इशारा मात्र कोणाच्याही भाषेवाचून अडू नये.

पैशाची अडचण सांगितली जाईल. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून जनतेच्या पैशापैशाने जो पैसाफंड उभा राहिला, त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला, हे विसरू नये. आपण तर एवढी मोठी उडीही घेऊ नये. प्रथम एकच तावदान उभारावे, मुलांच्या हाती द्यावे, एक पावसाळा पाहावा आणि मगच पुढचे ठरवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.