गणित-स्पर्धेची तयारी

गणिताच्या स्पर्धेत झटपट उत्तरे देणाराच टिकतो, अशी समजूत आहे. सावकाश विचार करणारे मूल तिच्यापायी मागे राहते. वस्तुतः १९५९ साली रुमानियात सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये दोन दिवस, रोज साडेचार तासांत तीनच प्रश्न असतात. गुण मिळतात ते सिद्धतेला. तयारीही तशीच हवी. एकापासून क्रमाने येणाऱ्या विषम संख्यांची बेरीज वर्गसंख्या असते, एवढे पाहून विद्यार्थ्याने थांबू नये, खडे मांडावेत. एका खड्याला लागून काटकोनात तीन, मग पाच, मग सात मांडले की दर वेळी नवा चौरस पुरा होतो आणि कारण उमगते. उत्तराचे पान उघडण्यापूर्वी एक संध्याकाळ प्रश्नापाशी बसावे. पालकांनी तेवढा वेळ घड्याळाकडे पाहू नये.