हवे तेवढेच घडवणारी रसायनविद्या
(उमरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



 रसायनशास्त्र म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे धूर आणि उग्र वास एवढेच उभे राहते. तो धूर का निघतो आणि तो मुळातच निघू नये म्हणून संशोधक काय करतात, एवढाच आजचा विषय आहे. शास्त्रीय भाषेत त्याला 'निवडक सेंद्रिय संश्लेषणासाठी उत्प्रेरक' असे म्हणतात. शब्द जड आहेत, पण गोष्ट आपल्या घरातलीच आहे.

प्रथम उत्प्रेरक म्हणजे काय ते पाहू. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ असतो. तो दोन घरे जवळ आणतो, बोलणी सोपी करतो, लग्न लागले की पंगतीला जेवतो आणि दुसरी सोयरीक जुळवायला निघून जातो. संसार तो करीत नाही. उत्प्रेरकाचे काम असेच असते. तो दोन पदार्थांना भेटण्याची सोपी वाट काढून देतो, त्यामुळे जी क्रिया फार हळू झाली असती ती लवकर आणि कमी उष्णतेत होते. शेवटी तो जसा होता तसा शिल्लक राहतो आणि पुन्हा कामाला लागतो. मात्र जी सोयरीक मुळात होण्यासारखीच नाही, ती तो जुळवू शकत नाही.

आता 'निवडक' या शब्दाकडे वळू. आपल्या भागात कापूस पिकतो. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते. सरकीचे तेल निघते, उरलेली पेंड जनावरांना जाते. काहीही वाया जात नाही. रसायनाच्या कारखान्यात तसे नसते. तिथे दोन पदार्थ एकत्र केले की हवा तो पदार्थ तयार होतो आणि त्याच्या जोडीला नको असलेले दोन-चार पदार्थही तयार होतात. त्यांची पेंड कोणतेही जनावर खात नाही. ते वेगळे करायला इंधन लागते, द्रावक लागतो आणि शेवटी ते कुठेतरी टाकावे लागतात. म्हणून संशोधक म्हणतो, नंतर निवडत बसण्यापेक्षा हवे तेवढेच घडेल अशी व्यवस्था आधीच का करू नये? या व्यवस्थेचे नाव निवडक उत्प्रेरक.

सरकीच्या तेलाचेच उदाहरण घ्या. पातळ तेलात निकेल धातूची भुकटी घालून हायड्रोजन वायू सोडला की ते घट्ट होते. वनस्पती तूप असे तयार होत असे. निकेलचा हा गुण दाखवणारे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल साबातिए यांना १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हे काम अर्धवट केले तर निकेल केवळ तेल घट्ट करून थांबत नाही, तो तेलाच्या काही रेणूंचा आकारही बदलतो. त्यातून ट्रान्स फॅट नावाची चरबी तयार होते आणि ती हृदयाला घातक आहे. हे पुढे सिद्ध झाले. भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल व वनस्पतीमध्ये ट्रान्स फॅटचे प्रमाण दोन टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा नियम आला. म्हणजे उत्प्रेरक क्रिया घडवतो एवढ्याने भागत नाही. तो कोणती क्रिया घडवतो आणि कोणती घडू देत नाही, हा प्रश्न थेट आपल्या ताटापर्यंत येतो.

आता थोडा हिशोब मांडू. रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये एक साधा प्रश्न विचारला : एक किलो माल तयार करताना किती किलो कचरा होतो? मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या रसायनांत उत्तर आले एक ते पाच किलो किंवा त्याहूनही कमी. रंग, सुगंधी द्रव्ये अशा बारीक रसायनांत पाच ते पन्नास किलो. आणि औषधांत पंचवीस ते शंभर किलो. ज्या औषधाने आपला ताप उतरतो, त्याच्या प्रत्येक किलोमागे पोतेभर कचरा उभा असतो.

हा कचरा येतो कुठून? एक जुनी क्रिया आहे, १८७७ मध्ये फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांनी शोधलेली. औषधे, रंग, अत्तरे यांच्या कारखान्यांत ती सर्रास वापरली जाते. तीत ॲल्युमिनियम क्लोराइड घालतात. त्याला उत्प्रेरक म्हणतात खरे, पण अनेकदा तो मालालाच चिकटून बसतो. म्हणून चिमूटभर पुरत नाही, मालाच्या बरोबरीने किंवा जास्तच घालावा लागतो. मग त्याला सोडवण्यासाठी पाणी ओततात. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा उठतात, उत्प्रेरक नष्ट होतो आणि आम्लयुक्त पाणी व गाळ शिल्लक राहतो. मध्यस्थ सोयरीक जुळवून निघून जाण्याऐवजी घरातच मरून पडावा, तसा हा प्रकार आहे.

मित्रांनो, हा गाळ उपसतो कोण? मालक उपसत नाही, संशोधकही उपसत नाही. टाकी साफ करायला उतरणारा कंत्राटी मजूर असतो आणि ज्या नाल्यात ते पाणी सोडले जाते, त्या नाल्याच्या काठावर वस्ती असते. ती वस्ती कोणाची असते हे या सभेला सांगण्याची गरज नाही. म्हणून आम्ही म्हणतो की निवडकपणा हा केवळ नफ्याचा किंवा पदवीचा विषय नाही. प्रयोगशाळेत कचरा कमी झाला तर कोणाच्या तरी हातांवरचे फोड कमी होतात.

या कामात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. लोक त्याला यूडीसीटी म्हणून ओळखत. २००८ मध्ये तो अभिमत विद्यापीठ झाला आणि आज त्याचे नाव रसायन तंत्रज्ञान संस्था असे आहे. तिथे प्राध्यापक मनमोहन शर्मा यांनी संशोधकांची एक मोठी पिढी घडवली. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक म्हणजे डॉ. गणपती दादासाहेब यादव. जन्म १९५२, गाव कोल्हापूर जिल्ह्यातले. खेड्यातून निघालेला हा विद्यार्थी पुढे त्याच संस्थेचा पहिला कुलगुरू झाला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु पदांपेक्षा त्यांचे काम आपण समजून घेऊ.

द्रवरूप आम्लांऐवजी घनरूप आम्ले वापरावीत, हा त्यांच्या कामाचा एक मोठा धागा. झिर्कोनियमच्या ऑक्साइडवर सल्फेट बसवून अतितीव्र आम्लधर्मी घन पदार्थ तयार होतो. अशा उत्प्रेरकांची एक मालिकाच त्यांनी तयार केली आणि तिला आपल्या संस्थेच्या नावावरून 'यूडीकॅट' असे नाव दिले. घन असल्यामुळे काम झाले की तो गाळून काढता येतो, धुऊन, तापवून पुन्हा वापरता येतो. दुसरा आधार त्यांनी घेतला तो मातीचा. मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती आहे, मुलतानी मातीच्या जातकुळीतली. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तेच रान फुगते, त्याला कारण याच कुळातली खनिजे. अशी माती आम्लाने संस्कारित करून, तिच्यावर टंगस्टनयुक्त आम्ल बसवून त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक सेंद्रिय क्रिया घडवून दाखवल्या. शेतातली माती उचलून कारखान्यात घालता येत नाही हे खरे, पण पायाखालच्या मातीत केवढे शास्त्र दडले आहे ते यावरून कळावे.

त्यांच्या कामाचा आणखी एक धागा आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. एक पदार्थ तेलात, दुसरा पाण्यात, मग त्यांची भेट व्हावी कशी? गोदावरीच्या दोन काठांवर दोन माणसे उभी असावीत तसे हे आहे. तिथे नावाडी लागतो. काही विशिष्ट क्षार पाण्यातला पदार्थ उचलून तेलात नेतात आणि रिकामी नाव घेऊन परत येतात. अडचण अशी की काम संपल्यावर हा नावाडी मालात हरवून जातो. यादव यांच्या गटाने नावाड्याला स्वतःचा वेगळा, तिसरा थर मिळेल अशी मांडणी अभ्यासली. तीत क्रियेचा वेग वाढतो आणि थर वेगळा काढून उत्प्रेरक पुन्हा वापरता येतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी झिओलाइटवर काम केले. झिओलाइट म्हणजे रेणूंची चाळणी. तिच्या भोकांचा आकार रेणूएवढाच असतो. सडपातळ रेणू चटकन बाहेर पडतो, आडवा-तिडवा रेणू आत अडकतो आणि त्याचे पुन्हा रूपांतर होते. शेतकऱ्याच्या चाळणीतून धान्य फक्त वेगळे होते. इथे चाळणीच धान्याला आकार देते.

जगातही हीच दिशा आहे. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक पूर्वी सहा टप्प्यांत तयार होई आणि कच्च्या मालातले वजनाने सुमारे ४० टक्के अणूच औषधात उतरत. १९९२ मध्ये उत्प्रेरकांवर आधारलेली तीन टप्प्यांची पद्धत कारखान्यात आली आणि हे प्रमाण सुमारे ७७ टक्क्यांवर गेले. काही रेणू डाव्या-उजव्या पायाच्या चपलेसारखे असतात, दिसायला सारखे पण एकमेकांच्या जागी न बसणारे. कंपवाताच्या रुग्णाला एल-डोपा या औषधाची डावीच चप्पल लागते. ती तेवढीच तयार करणाऱ्या उत्प्रेरकाबद्दल विल्यम नोल्स हे २००१ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. पण अशा उत्प्रेरकांत ऱ्होडियमसारखे महागडे धातू लागत. २०२१ चे नोबेल बेंजामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन यांना मिळाले, ते धातूशिवाय, साध्या सेंद्रिय रेणूंनी हेच काम करून दाखवल्याबद्दल. लिस्ट यांनी वापरलेले प्रोलिन हे अमिनो आम्ल आपल्या शरीरातल्या प्रथिनांतच असते.

हे सर्व सोपे आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. घन उत्प्रेरकावर काजळी बसते, त्याची छिद्रे बुजतात, तो थकतो. प्रयोगशाळेतल्या चंबूत जे जमते ते हजार लिटरच्या टाकीत जमेलच असे नाही. एकेका उत्प्रेरकामागे कित्येक वर्षांची आणि कित्येक फसलेल्या प्रयोगांची शिदोरी असते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. पूर्वी असे शिक्षण घ्यायचे तर मराठवाड्यातल्या मुलाला मुंबई-पुणे गाठावे लागे. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. २०१८ मध्ये मुंबईच्या त्याच रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र जालन्यात सुरू झाले. वाट जवळ आली आहे, चालायचे मात्र आपणच. बारावीला रसायनशास्त्राची समीकरणे पाठ करताना बाणाच्या डोक्यावर एक लहान अक्षर लिहिलेले असते, निकेल, प्लॅटिनम असे काहीतरी. परीक्षेत त्याला अर्धा गुण मिळतो म्हणून ते सोडून देऊ नका. त्या लहान अक्षरावरच कारखान्याचा खर्च, औषधाची किंमत आणि नाल्याचे पाणी ठरते.

ज्यांच्या वस्तीजवळून तो नाला वाहतो, त्यांच्याच मुलांनी ते अक्षर बदलण्याचे शास्त्र शिकावे, एवढी आमची अपेक्षा आहे. त्या मुलांना प्रश्न कुठून सुरू करायचा हे शिकवावे लागणार नाही.