घरचे दिवे आणि बिनतारी बटणें

दिवेलागणीच्या वेळीं घरांतील कोणीतरी उठून दिवा लावावा, हा परिपाठ समईपासून चालत आलेला आहे. समई जाऊन कंदील आला, कंदील जाऊन विजेचा दिवा आला. परंतु उठून जाण्याचे श्रम कांहीं चुकले नाहींत. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र शहरांतील पुष्कळ घरांत अशी सोय झाली आहे कीं, दिवा एका कोपऱ्यांत, बटण भलत्याच कोपऱ्यांत आणि दोहोंमध्यें तार म्हणून नाहीं! यांत चमत्कार मानण्याचें कारण नाहीं. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं विद्युत्‌लहरी भिंतीपलीकडे धाडून तेथील घंटा वाजवून दाखविली होती. आजच्या बिनतारी बटणांतून निघणाऱ्या लहरी त्याच कुळांतील आहेत. चमत्कार नसला तरी गोंधळ मात्र पुष्कळ आहे. दुकानांत एकासारखीं एक दिसणारीं पांढरीं बटणें मांडलेलीं असतात, आणि त्यांपैकीं आपल्या घरीं कोणतें चालेल हें वेष्टनावरील मजकुरावरून चांगल्या शिकलेल्या गृहस्थासही उमगत नाहीं.

खरेदीपूर्वीं एका प्रश्नाचें उत्तर ठरवून ठेवावें: शहाणपण दिव्यांत ठेवावयाचें कीं बटणांत? ‘स्मार्ट’ म्हणून जे बल्ब मिळतात त्यांत तें दिव्याच्याच पोटांत असतें. असा बल्ब आज्ञेची वाट पाहात अष्टौप्रहर जागा असावा लागतो. म्हणजेच त्याला वीज अखंड मिळावी लागते. भिंतीवरचें जुनें बटण कोणी बंद केलें कीं तो नुसता भोपळा. आणि तें बटण कोणीतरी बंद करणारच, कारण काटकसरींत वाढलेल्या पिढीस खोली सोडतांना बटण बंद केल्यावांचून चैन पडत नाहीं. मुलानें हौसेनें बल्ब बसवावे, आजीबाईंनीं निजण्यापूर्वीं नित्याप्रमाणें जुनें बटण बंद करावें, आणि रात्रीं दोन वाजतां जाग आली असतां उशालगतचें नवें बटण कितीही दाबलें तरी उजेड पडूं नये, असा प्रकार पुष्कळ घरीं घडतो. मग अंधारांत चांचपडत न्हाणीघरापर्यंत जावयाचें. त्यांत पाय घसरून मांडीचें हाड मोडलें तर उतारवयांत तें किती महाग पडतें, हें सांगावयास नको. बटणांची सारी निवड या दोन वाजतांच्या प्रसंगावर दृष्टि ठेवून करावी. जुन्या बटणावर ‘हात लावूं नये’ अशी चिठ्ठी डकविणें हा कांहीं उपाय नव्हे. दिवा लावण्यासाठीं पाहुण्यास आधीं वाचन करावें लागावें, ही सुधारणा म्हणतां येणार नाहीं.

याला मार्ग दोन आहेत. शहाणा बल्बच हवा असेल तर वायरमनकडून त्याची जोडणी कायमची चालू करून घ्यावी आणि जुन्या बटणाच्या जागीं बिनतारी बटण बसवावें. नाहींतर बल्ब साधाच ठेवून बोर्डाच्या आंत एक लहानशी रिलेची डबी बसवावी. तिला जुनें बटणही चालवितें आणि पलंगाशेजारीं चिकटविलेलें बिनतारी बटणही. दोन्ही मार्ग एकाच दिव्यावर एकत्र करूं नयेत. सामान्य कुटुंबास दुसरा मार्ग अधिक सोयीचा. कारण त्यांत घरांतील कोणालाही आपली जुनी सवय मोडावी लागत नाहीं. भाड्याच्या घरांत मात्र पहिला मार्गच बरा, कारण जोडणी पूर्ववत् करून सारें सामान बरोबर नेतां येतें.

रिलेची डबी स्वतः जागी राहावयास हवी, म्हणून तिला बहुधा न्यूट्रल तार लागते. आपल्याकडील बोर्डांत बटणांच्या जोडीला प्लगची जागा असते. त्यामुळें तेथें न्यूट्रल सहसा सांपडते. जेथें बटण एकटेंच आहे, उदाहरणार्थ जिन्यांत किंवा पलंगाच्या डोक्याशीं, तेथें ती नसण्याचाच संभव फार. न्यूट्रलवांचून चालणाऱ्या डब्याही निघाल्या आहेत. पण त्या आपला खुराक दिव्यामधूनच थोडा प्रवाह वाहवून मिळवितात आणि त्यामुळें लहान एलईडी दिवा बंद असतांही मिणमिणतो. दिव्याशीं समांतर एक लहान कपॅसिटर जोडला म्हणजे हा दोष बहुधा जातो. बोर्डाची पेटी लोखंडी पत्र्याची असेल तर आंतील डबीचा आवाज बाहेर नीट पोंचत नाहीं, हेंही वायरमनला विचारून घ्यावें. दिव्याच्या लहान डबीवर न्हाणीघरांतील गीझर कधींही टाकूं नये. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो.

बिनतारी बटणाला शक्ति कोठून मिळते, हा पुढचा विचार. बहुतेकांत नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो. ओल्या हातांनींही त्याला भिण्याचें कारण नाहीं, म्हणून न्हाणीघराजवळ तो उत्तम. दुसऱ्या जातीच्या बटणांत सेलच नाहीं. बोटाच्या दाबानें आंतील चुंबक हलून क्षणभर वीज उत्पन्न होते आणि तेवढ्यांत संदेश निघून जातो. जर्मनींतील एनओशन या मंडळीनें ही युक्ति नांवारूपास आणली. कल्पना मोठी मोहक आहे. परंतु असें बटण ठासून दाबावें लागतें आणि त्याचा खट्ट आवाज होतो. संधिवाताच्या बोटांना किंवा निजलेल्या तान्ह्या मुलाच्या खोलींत तें सोसेलच असें नाहीं. विकत घेण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वयस्क माणसाच्या हातून तें एकदां दाबवून पाहावें.

भाषेचाही प्रश्न आहे. वाय-फायची बटणें स्वस्त व सोपीं, परंतु सेलवर चालणारें वाय-फाय बटण प्रत्येक वेळीं झोपेंतून उठून राउटर शोधतें. दिवा रेंगाळत लागतो आणि सेलही लवकर संपतो. झिग्बी या पद्धतींत खर्च थोडा आणि उत्तर तत्काळ. शिवाय विजेवर चालणारें प्रत्येक उपकरण शेजाऱ्याचा निरोप पुढें पोंचवितें, त्यामुळें लांबट घरांतही अडचण पडत नाहीं. तिसरी झेड-वेव्ह. अमेरिकेंतील मुलगा सुटींत येतांना हीं बटणें हौसेनें घेऊन येतो, म्हणून येथें सावध केलें पाहिजे. अमेरिकेंतील झेड-वेव्ह ९०८ मेगाहर्ट्‌झवर बोलते. हिंदुस्थानांत तिच्यासाठीं ८६५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा आहे, आणि ९०८ चा प्रदेश येथें मोबाइल टेलिफोनकडे गेलेला आहे. तीं बटणें येथल्या उपकरणांशीं बोलणारही नाहींत आणि वापरणें नियमासही धरून होणार नाहीं. २०२२ च्या आक्टोबरांत ‘मॅटर’ नांवाची एक समाईक पद्धति निघाली. त्या खुणेचें बटण निरनिराळ्या कंपन्यांच्या दिव्यांशीं जुळतें. तथापि त्याचा दुहेरी दाब, लांब दाब वगैरे खुबी प्रत्येक ॲप मानीलच असें नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, बटणाचा निरोप दिव्याकडे कोणत्या वाटेनें जातो? कित्येक स्वस्त वस्तूंत तो घरांतून निघून परक्या देशांतील कंपनीच्या यंत्रापर्यंत जातो आणि तेथून परत येतो. दिवा तर पांच हातांवर असतो! इंटरनेट गेलें कीं ही वाट खुंटली. कंपनी बुडाली तरीही खुंटली. अमेरिकेंतील इन्स्टीऑन या कंपनीचीं दूरचीं यंत्रें २०२२ च्या एप्रिलमध्यें कांहीं पूर्वसूचना न देतां बंद पडलीं आणि ग्राहकांच्या हातांतील ॲप एका रात्रींत निरुपयोगी झालें; भिंतीवरचीं बटणें मात्र आपापले दिवे लावीत राहिलीं, कारण त्यांची वाट घराबाहेर जात नव्हती. पुढें जूनमध्यें त्या पद्धतीच्या कांहीं वापरणाऱ्यांनींच कंपनी विकत घेतली, हा भाग निराळा. झिग्बींतही बटण व दिवा यांची थेट गांठ मारतां येते. मग मधला हब बंद असला तरी काम अडत नाहीं. प्रत्येक बटण ही गांठ मानतें असें नाहीं, म्हणून दुकानदारास स्पष्ट विचारावें. बटण घरीं बसविल्यावर इंटरनेटची तार काढून तें दाबून पाहावें. दिवा लागला नाहीं तर तें परत करावें. पाहिजे तर शोभेच्या दिव्यासाठीं ठेवावें. मार्गिकेसाठीं व न्हाणीघरासाठीं कदापि नव्हे.

भारनियमनाच्या गांवीं आणखी एक काळजी घ्यावी लागते. वीज जाऊन आली कीं कित्येक शहाणे बल्ब मूळ स्वभावावर जाऊन पूर्ण तेजानें पेटतात, आणि मध्यरात्रीं सारें घर उठून बसतें. ‘वीज आल्यावर पूर्वस्थिति’ अशी सूचना त्यांना देतां येते. ती पहिल्याच दिवशीं देऊन ठेवावी. पंख्याला दिव्याचा डिमर लावूं नये, त्यानें पंखा घुमतो व तापतो. सेल बदलला कीं त्या दिवसाची तारीख झांकणाच्या आंतल्या बाजूस पेन्सिलीनें लिहावी, आणि एक जादा सेल देवघराच्या खणांत, काड्यापेटीशेजारीं ठेवून द्यावा.