ब्रेकच्या डिस्कचा निकाल

घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवताच पेडल धडधडू लागले, अथवा स्टिअरिंग हातात थरथरू लागले, म्हणजे मोटारमालक गॅरेजमध्ये जाऊन बहुधा एकच प्रश्न करतात : डिस्क लेथवर घासून घ्यावी, की नवी टाकावी? हा निकाल नुसत्या नजरेने देण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. वस्तुतः तो मापानेच द्यावयास हवा.

डिस्क बिडाची असते, आणि धावत्या वाहनाची गतिज ऊर्जा उष्णतेच्या रूपाने पोटात घेऊन ती हवेच्या स्वाधीन करणे हे तिचे खरे कार्य होय; म्हणून जाडी जसजशी घटते, तसतशी उष्णता सामावून घेण्याची तिची शक्ती क्षीण होते, आणि ती तापून तडकण्याचे भय वाढते. याच कारणास्तव किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कच्या अंगावरच कोरलेला असतो.

कडेचा न झिजलेला, गंजलेला कंगोरा टाळून मायक्रोमीटर आत लावावा, सभोवार सात-आठ ठिकाणी माप घ्यावे, आणि त्यांतील सर्वांत लहान आकडा प्रमाण मानावा. समजा, नवेपणी २२ मिलिमीटर असलेल्या डिस्कची किमान मर्यादा २० आहे, आणि आज ती २०.६ भरली. चरे जाण्यासाठी दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ०.२ घासले, तर २०.२ उरेल, म्हणजे मर्यादा पाळली गेली, परंतु हाती शिल्लक ०.२ मिलिमीटरची, आणि तेवढी तर नवे पॅड संपण्यापूर्वीच खर्ची पडणे संभवते. तीच डिस्क २१.४ भरली असती, तर बेलाशक लेथवर चढविता आली असती.

भेगा पडलेल्या डिस्कची मात्र कैफियत ऐकूच नये. अतितापाने निळे डाग पडून बीड जेथे कठीण झाले आहे, तेथेही घासकामाचा गुण फार दिवस टिकत नाही, कारण तो कठीणपणा पृष्ठभागाखालीही उतरलेला असतो. डिस्क जुनी बसवा वा नवी, हबवरील गंज आधी साफ करावा, अन्यथा ती डगमगत फिरून थरथर पुन्हा उद्भवते. आणि एका आसावरील दोन्ही डिस्कना एकच न्याय लावावा.

मजुरी ठरविण्यापूर्वी आज भरलेली जाडी आणि घासल्यावर उरणारी जाडी, असे दोन आकडे मेकॅनिककडून कागदावर लिहून घ्यावेत. दुसरा आकडा ज्यास सांगता येत नाही, त्याच्या लेथवर आपली डिस्क चढविण्याचे प्रयोजन नाही.