ऋत : एक नाव, दोन उच्चार



आजचा विषय दोन अक्षरांचा आहे. ऋतुजा, ऋतुराज ही नावे आपल्या घरांत रुळली आहेत. आता काही तरुण आईबाप नुसते 'ऋत' हे नाव पसंत करतात, मुलासाठी आणि मुलीसाठीही. मग वडीलधारी मंडळी दोन शंका काढतात. हे नाव मुलाचे की मुलीचे? आणि बारशाला आत्याने बाळाच्या कानात काय सांगायचे, 'रुत' की 'रित'?

आधी अर्थ पाहू. ऋत हा ऋग्वेदातला शब्द आहे. सूर्य वेळेवर उगवतो, ऋतू क्रमाने येतात, माणसाने दिलेला शब्द पाळावा, या सगळ्यांमागची जी सुव्यवस्था, ते ऋत. वरुण हा तिचा रक्षक मानला आहे. याच्या उलट ते 'अनृत', म्हणजे खोटे. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या 'ऋतंभरा' या शब्दातही हेच ऋत आहे.

संस्कृतात हा शब्द नपुंसकलिंगी आहे. त्यामुळे तो मुलाला द्या की मुलीला, व्याकरण आड येत नाही. आपल्याकडे हे नवेही नाही. कादंबरीकार सुहास शिरवळकर आणि अभिनेत्री सुहास जोशी, किरण नगरकर आणि किरण बेदी ही नावे आपण सहज घेतो. 'कमल' तर आणखी मौजेचे. मराठी घरात कमल ही आजी किंवा मावशी, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदी शेजारात कमल हे काका! शिवाय मराठीत 'ऋत आला', 'ऋत आली' म्हटले की क्रियापदच उलगडा करते.

खरी अडचण उच्चाराची. मराठी, कोकणी, गुजराती, कन्नड, तेलुगू बोलणारे 'ऋ'चा उच्चार 'रु'कडे नेतात. हिंदी आणि बंगाली बोलणारे 'रि'कडे. म्हणजे पणजी, बेळगाव, वडोदरा, हैदराबाद येथल्या मराठी मुलाला घरी-दारी 'रुत' अशीच हाक येईल. इंदूर-ग्वाल्हेरला मात्र आजी 'रुत' म्हणेल आणि शाळेतल्या बाई 'रित'. मूल गोंधळते ते इथे. कधी त्याला घरचा उच्चार गावंढळ वाटू लागतो, तर कधी आपणच बाईंना अडाणी ठरवतो.

दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत. मुळात ऋ हा स्वर. त्यात 'उ'ही नव्हता आणि 'इ'ही नव्हती. तो शुद्ध स्वर प्राकृतांच्या काळातच बोलण्यातून गेला आणि त्याच्या जागी कुठे अ, कुठे इ, कुठे उ आला. म्हणून 'मृत्तिका'ची मराठीत माती झाली, हिंदीत मिट्टी. 'पृष्ठ'ची आपल्याकडे पाठ झाली, त्यांच्याकडे पीठ. आणि गंमत पाहा. 'ऋण' हा शब्द आपण 'रुण' असा वाचतो, पण रीण काढून सण करू नये असेही म्हणतो. उलट 'ऋतु' हा शब्द 'रितु' असा वाचणारे हिंदी भाषक बोलताना 'रुत' म्हणतात. आपल्या तोंडी त्यांचा 'रि' आहे आणि त्यांच्या तोंडी आपला 'रु'. मग कोण कोणाला हसणार?

देवनागरीत 'ऋत' लिहिले की दोन्ही उच्चार एका अक्षरात सुखाने नांदतात. भांडण लागते ते रोमन लिपीत. ऋतुराज गायकवाडच्या नावात आर-यू आहे, ऋतिक रोशनच्या नावात आर-आय. 'ऋत' तर फार आखूड नाव. आर-यू-टी लिहिले तर इंग्रजीत भलताच शब्द होतो. शेवटी ए जोडला तर लोक 'ऋता' वाचतात आणि मुलाची मुलगी करतात. निर्दोष स्पेलिंग मिळणार नाही. म्हणून आईबापांनी जन्मदाखल्याच्या वेळीच एक स्पेलिंग ठरवावे आणि शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे तेच ठेवावे. मात्र देवनागरीत सोयीसाठी 'रुत' किंवा 'रित' लिहू नये. तसे केले की अर्थ हातचा जातो.

आपण पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहून मराठी जपली, ती शेजाऱ्याची भाषा हिणवून नव्हे. मुलाला सांगावे : घरी तू 'रुत' आहेस, कारण आपली मराठी असे म्हणते, बाहेर कोणी 'रित' म्हणाले तर खुशाल ओ द्यावी. मात्र नाव विचारले तर आपला उच्चार स्पष्ट सांगावा आणि अर्थही सांगावा. नावाचा अर्थ ठाऊक असलेले मूल उच्चाराने बावरत नाही.