सर जाणार काय?



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो महागाईभत्त्यावर बोलणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. आज आम्ही खेळाविषयी बोलणार आहोत. मात्र ज्यांना भत्ताच ऐकावयाचा आहे त्यांनी निराश होऊ नये. तो विषय वाटेत भेटणारच आहे.

2008 साली क्रिकेटची आयपीएल सुरू झाली आणि 2014 साली प्रो कबड्डी लीग. तेव्हापासून गावोगावच्या पारावर एक नवा प्रश्न बसू लागला आहे. पूर्वी चर्चा असे ती खेळणाऱ्याची. आता ती शिकवणाऱ्याचीही असते. शाळेचा, महाविद्यालयाचा किंवा मंडळाचा संघ दोन स्पर्धा जिंकला की तिसऱ्या दिवशी कुजबुज सुरू होते, “सर जाणार म्हणे!” कोठे जाणार? लीगमध्ये. कोणी सांगितले? ते ठाऊक नाही. पण सरांनी नवी बॅग घेतली आहे. सरांचा फोन दोनदा व्यस्त लागला. परवा लोणावळ्याला सर पुण्याच्या गाडीत न बसता मुंबईच्या गाडीत बसले. एवढ्या पुराव्यावर कोणतेही कामगार न्यायालय साधा रजेचा तंटासुद्धा दाखल करून घेणार नाही. पण पारावरच्या न्यायालयात सरांचा निकाल लागलेला असतो.

आम्ही या कुजबुजीला हसतो, पण तिला क्षुल्लक समजत नाही. अफवा कशाची उठते? ज्याची धास्ती असते त्याची. कारखाना बंद पडणार ही अफवा कारखान्यातच उठते, कारण तेथे भाकरी अडकलेली असते. सर जाणार ही अफवा उठते, कारण गावाच्या मनाला ठाऊक असते की सरांनी राहावे यासाठी आपण काहीच केलेले नाही. त्यांचे राहणे ही आपण त्यांची कृपा मानली. आणि कृपेला मुदत नसते, तशी हमीही नसते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. चंद्रकांत पंडित हे नाव आपणांस परिचित आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने 2002-03, 2003-04 आणि 2015-16 या मोसमांत रणजी करंडक जिंकला. पुढे ते विदर्भाकडे गेले. ज्या विदर्भाने तोवर हा करंडक एकदाही जिंकला नव्हता, त्याने 2017-18 आणि 2018-19 असा लागोपाठ दोनदा तो घरी आणला. मग मध्य प्रदेश. 1999 साली पंडित त्या संघाचे कर्णधार असताना बंगळूरच्या मैदानावर अंतिम सामना हरले होते. 23 वर्षांनी, जून 2022 मध्ये, त्याच मैदानावर त्यांनी घडवलेल्या मध्य प्रदेशाच्या संघाने मुंबईला 6 गड्यांनी हरवले. दोन महिने होतात न होतात तोच कोलकाता नाइट रायडर्सने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. 2024 साली त्या संघाने आयपीएल जिंकली, आणि जुलै 2025 मध्ये पंडित त्या संघापासून वेगळे झाले.

नेमणूक, विजेतेपद आणि निरोप, सगळे तीन वर्षांच्या आत! म्हणजे लीग हे काही कायमचे घर नव्हे. ते मोठ्या पगाराचे कंत्राटी काम आहे. तेथे जाणारा माणूस स्वर्गात गेला असे समजून हेवा करू नये, आणि नरकात गेला असे समजून शिव्याही देऊ नयेत.

शिव्या मात्र मिळतात. “पैशामागे गेला” हे वाक्य तयारच असते. आम्हांला या वाक्याचे नवल वाटते. या मावळातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या घाट उतरून पोटामागे मुंबईला गेली. कोणी गिरणीत साच्यावर उभे राहिले, कोणी डोक्यावर डब्यांची पाटी घेतली. एका गिरणीतला विणकर चार पैसे जास्त मिळतात म्हणून दुसऱ्या गिरणीत गेला, तर त्याला गद्दार म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. मग शिट्टी गळ्यात घालून उन्हात उभा राहणारा माणूसच तेवढा वाऱ्यावर जगतो काय?

येथे कोणी म्हणेल, “पूर्वीचे गुरू असे नव्हते. आचरेकर सरांकडे पाहा!” पाहू या. पंडित हे त्यांचेच शिष्य. रमाकांत आचरेकरांनी शिवाजी पार्कवर मुले घडवली. सचिन तेंडुलकर त्यांतलाच. 1990 साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि 2 जानेवारी 2019 रोजी ते गेले. त्यांच्या त्यागाविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि तो त्याग खराच होता. पण आचरेकर सर स्टेट बँकेत नोकरीस होते, ही गोष्ट त्या गौरवात मागे पडते. महिनाअखेर पगार घरी येत होता. बँकांतल्या कर्मचाऱ्यांनी संघटना करून, लवादांपुढे उभे राहून वेतनश्रेण्या मिळवल्या होत्या. मंडळी, गुरूचे औदार्य मोठे खरे. पण त्या औदार्याच्या पायाखाली एक पक्की पगाराची फळी होती, म्हणून ते इतकी वर्षे उभे राहू शकले. पाहा, भत्ता वाटेत भेटला की नाही!

आता आजची फळी कशी आहे? अनेक महाविद्यालयांतून पदे भरलेली नाहीत आणि शिकवणारी माणसे तासिका तत्त्वावर राबतात. जितके तास तितके पैसे. सुटी लागली की पैसेही सुट्टीवर! खेळाचा सराव तर पहाटे आणि संध्याकाळी. तो कोणत्या तासिकेत मांडावयाचा? पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम करताना आम्ही असे कामगार पाहिले आहेत, की जे पहिली पाळी संपवून थेट मैदानावर जात आणि अंधार पडेपर्यंत मुलांना कबड्डीची पकड शिकवीत. त्यांचा मोबदला म्हणजे वर्षाकाठी एक शाल आणि एक नारळ. शालीने थंडी निघते, मुलीची फी निघत नाही.

अमेरिकेत याच्या उलट प्रकार आहे. तेथे महाविद्यालयांचे फुटबॉल एवढे मोठे आहे की कित्येक राज्यांत सरकारी नोकरांत सर्वांत जास्त पगार विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा असतो. मिशिगन विद्यापीठाचे जिम हार्बो व्यावसायिक लीगमध्ये जाणार काय, हा तर्क तेथे दर हिवाळ्यात चाले. 8 जानेवारी 2024 रोजी मिशिगनने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि त्याच महिन्यात ते लॉस एंजेलिसच्या चार्जर्स संघाकडे गेले. म्हणजे भरमसाट पगार दिला तरी माणूस जातोच. मग पगाराचा आग्रह कशाला? एवढ्यासाठी, की पोटाने हाकललेला माणूस आणि मनाने निघालेला माणूस यांत फरक आहे. दुसऱ्याला निरोप देता येतो. पहिल्याच्या मागे आपली लाज जाते.

पण एक आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. विणकर गेला तर साचा रडत नाही. प्रशिक्षक गेला तर मुलगा रडतो. पंधरा वर्षांच्या पोराने ज्याच्या शब्दावर गुडघे फोडून घेतले, तो मोसमाच्या मध्यावर निघून गेला तर ते वर्ष त्या पोराला कोण परत देणार? कामाचा हक्क मोठा आहे. पण माणसांशी संबंध असलेल्या कामात हक्काबरोबर मुदतीची जबाबदारी येते. दवाखान्यातली परिचारिका पाळी बदलताना रुग्ण दुसरीच्या स्वाधीन करूनच जाते. प्रशिक्षकानेही तसेच जावे.

आणि स्वाधीन करण्याजोगी व्यवस्था असली म्हणजे काय होते, ते विदर्भाने दाखवले आहे. पंडित तेथून गेल्यावर विदर्भ बुडाला नाही. 2023-24 च्या मोसमात तो संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला, आणि मार्च 2025 मध्ये नागपुरात केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहून पहिल्या डावातील आघाडीवर त्याने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. चांगल्या शिक्षकाची परीक्षा तो असताना होते, तशी तो गेल्यावरही होते. पण त्या दुसऱ्या परीक्षेला गावालाही बसावे लागते.

म्हणून “सर जाणार काय” हा प्रश्न सोडून आपण तीन गोष्टी कराव्यात. पहिली, जो शिकवतो त्याला ठरलेले मानधन ठरलेल्या तारखेला द्यावे. पैसा कोठून, असे विचाराल. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचे नाव स्पष्ट लिहिले आहे. मावळात कारखाने थोडे नाहीत. अर्ज करणारे थोडे आहेत. दुसरी, लेखी करार करावा. मोसम संपेपर्यंत सर सोडून जाणार नाहीत, आणि मोसम संपेपर्यंत गावही त्यांना काढणार नाही, असा दोन्ही बाजूंनी बांधलेला. एकाच बाजूला बांधतो तो करार नव्हे, दावे होय. तिसरी, सरांच्या हाताखाली एक तरुण पहिल्या दिवसापासून असावा, आणि कोणत्या मुलाला काय शिकवले याची वही असावी. वही गावाची असावी.

आपल्या गावाला उतरणीचा इतिहास आहे. 1661 साली कारतलबखान भली मोठी फौज घेऊन कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला गाठले. खानाने वाटेची चौकशी केली नव्हती. आपली मुले आणि त्यांचे शिक्षकही घाट उतरून मोठ्या मैदानांकडे जाणारच. त्यांना अडवू नका. वाटेची चौकशी मात्र आधी करून ठेवा, म्हणजे जाणाऱ्याला मानाने जाता येईल आणि मागे राहिलेल्या पोरांचा सराव दुसऱ्या दिवशी पहाटे ठरल्या वेळी सुरू होईल.